न वाढणारे लेकरू

पाळलेल्या जिवावर आपण जे प्रेम करतो ते त्या जिवासाठी असते की आपल्यासाठी, हा प्रश्न नवा नव्हे. पुराणकारांना तो ठाऊक होता, कीर्तनकारांनी तो रंगवून सांगितला, आणि ज्याच्या घरी पिंजऱ्यात राघू किंवा उंबऱ्याशी कुत्रे आहे अशा प्रत्येकाने तो कधी ना कधी टाळलेलाही आहे. आम्हीही टाळलाच होता. परंतु गेल्या वैशाखात बुऱ्हाणपूर मुक्कामी एका दहा वर्षांच्या मुलाने तो आमच्यापुढे अशा रीतीने ठेवला की, दिलेले उत्तर आमचे आम्हालाच परत घ्यावे लागले.

आमचे साडू गेली चाळीस वर्षे बुऱ्हाणपुरास सुताच्या व्यापारात आहेत. गावची बोली हिंदी, उर्दू आणि मराठी यांच्या सरमिसळीची. घरात मात्र आमच्या मेहुणीबाईंनी आपली कोंकणी सोडलेली नाही. वैशाखातील बुऱ्हाणपूर म्हणजे भट्टीच. दुपारी पारा ४४ अंशांवर, रस्ते ओस, आणि तापीच्या घाटाच्या पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवण्याची सोय नाही. घराच्या मागल्या अंगाच्या एका खोलीत मात्र वातानुकूलन यंत्र रात्रंदिवस चालू होते. आम्हाला वाटले, ही पाहुण्यांची बडदास्त! आत जाऊन पाहतो तो आमचा बिछाना तेथे नव्हताच. तेथे एक लांबट काचेची टाकी होती आणि तिच्या तळाशी, बारीक वाळूवर चारी पाय टेकून, एक पांढरट गुलाबी प्राणी आमच्याकडे पाहून हसत होता.

वीतभर लांबीचा तो जीव. अंग पालीसारखे, शेपूट माशाच्या परासारखी चपटी, डोके रुंद, डोळे मिरीएवढे आणि पापण्यांविना. मानेच्या दोन्ही बाजूंस तीन तीन तांबडे तुरे, पिसासारखे झुपकेदार, मधूनच थरथरणारे. हे तुरे म्हणजे त्याचे कल्ले; त्यांनीच तो पाण्यात श्वास घेतो. साडूंच्या नातवाने मोठ्या अभिमानाने सांगितले की याचे नाव ॲक्सोलॉटल, हा मेक्सिको देशाचा, आणि याला आपण प्रथम माइनक्राफ्ट नावाच्या संगणकाच्या खेळात पाहिले. २०२१ साली त्या खेळात याचा प्रवेश झाला, त्याच वर्षी मेक्सिकोच्या पन्नास पेसोंच्या नोटेवरही याचे चित्र आले, आणि जगभरची मुले याच्यासाठी हट्ट धरू लागली. आम्ही म्हटले, "स्वभावाने मोठा आनंदी दिसतो." त्यावर दाराशी उभ्या असलेल्या मेहुणीबाई शांतपणे म्हणाल्या, "हांसना तें. ताचें तोंडच तशें आसा."

पुढे आम्ही जे काही वाचले आणि विचार केला त्याचे बीज या एका वाक्यात होते, हे तेव्हा ध्यानी आले नाही.

हा बेडकाच्या दूरच्या गोतातला, सॅलॅमँडर कुळातला जलचर. आपल्या देशात या कुळाचे भाईबंद दार्जिलिंग व ईशान्येकडील डोंगरांतच काय ते आढळतात, म्हणून आपल्या भाषेत त्याला घरगुती नाव नाही. बेडकाचे पिल्लू पाण्यात जन्मते, कल्ल्यांनी श्वास घेते, मग त्याला पाय फुटतात, कल्ले व शेपूट जाते आणि ते बाहेर येऊन जमिनीवर वावरू लागते, हे आपण शाळेत शिकलो. सॅलॅमँडरांपैकी पुष्कळांची रीत याच प्रकारची. शेपूट तेवढी राहते. ॲक्सोलॉटल मात्र त्या वाटेने जातच नाही. बाळपणीचे कल्ले, बाळपणीची शेपूट, बाळपणीचे पाणी, यांतच तो वयात येतो, त्याच रूपात त्याला प्रजा होते, आणि दहा-पंधरा वर्षे जगून त्याच रूपात तो मरतो. पाय तुटला तर नवा फुटतो. शेपूट पुन्हा येते. हृदयाला व मेंदूला झालेली इजाही बऱ्याच अंशी भरून निघते. शास्त्रज्ञांना त्याचे जे अपार कौतुक आहे ते यामुळे. २०१८ साली त्याच्या आनुवंशिक द्रव्याचे संपूर्ण वाचन झाले तेव्हा तो मजकूर माणसाच्या सुमारे दहापट लांब भरला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आरती झाल्यावर मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. आम्ही आमच्या गावी देवळात चातुर्मासात पुराण सांगतो हे त्याला ठाऊक होते. कोणी वडीलधाऱ्याने त्याला सुनावले होते की मुक्या जिवाला काचेत कोंडणे हे पाप आहे. त्याने सरळ विचारले, "आजोबा, याला ठेवणे हे पाप आहे का?"

असल्या प्रश्नाला पुराणिकाजवळ उत्तर तयार असते. आम्ही म्हटले, "पाप म्हणणार नाही, परंतु मुक्त करणे हे पुण्य खरे. पाऊस पडला की देवळाच्या तळीत सोडून दे." मुलाने थोडा वेळ आमच्याकडे पाहिले आणि अदबीने म्हणाला, "आजोबा, ते मरेल. आणि नाही मेले तर तळीतले मासे खाईल." मग त्याने समजावून दिले की या प्राण्याला सोळा ते अठरा अंशांचे थंड पाणी लागते, चोवीसच्या वर तो कासावीस होतो, आपल्याकडच्या तळीचे पाणी उन्हाळ्यात कितीतरी अधिक तापते. आम्ही आपली बाजू सावरण्यासाठी म्हटले, "मग कुंडी भंडाऱ्यात सोड. तेथले पाणी तर बारमाही गार." बुऱ्हाणपूरचा हा भंडारा, ज्याला लोक खुनी भंडाराही म्हणतात, १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानानाच्या अमदानीत तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने बांधला. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून उताराने गावापर्यंत आणले आहे आणि वर शंभरांहून अधिक कुंड्यांची, म्हणजे विहिरीसारख्या झरोक्यांची, ओळ आहे. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव गेले. मुलगा म्हणाला, "ते पिण्यासाठी केलेले पाणी आहे, आजोबा. आणि तिथे अंधारात हा खाणार काय?"

आम्ही निरुत्तर झालो. आणि याबद्दल त्या मुलाचे ऋणी आहोत. कारण 'सोडणे म्हणजे पुण्य' ही समजूत आपल्या देवस्थानांच्या मंडळींत किती खोल रुजलेली आहे, हे त्या क्षणी आम्हाला दिसले. हौसेने आणलेले, मग कंटाळा आलेले सोनेरी मासे, कानशिलाजवळ तांबडी पट्टी असलेली अमेरिकन कासवे, हे सारे लोक हात जोडून देवाच्या तळीत सोडतात. ते कासव मोठे होते, दांडगे होते, आणि तेथल्या मूळच्या जिवांचे अन्न व जागा बळकावते. सोडणारा हलक्या मनाने घरी जातो. त्याच्या पुण्याची किंमत तळीतल्या मुक्या रहिवाशांनी भरायची. तळीची राखण करणाऱ्या विश्वस्त मंडळींनी याचा विचार करावा, एवढे येथे सांगून पुढे जातो.

त्यानंतरच्या दिवशी उन्हे उतरल्यावर साडू आम्हाला तापीपलीकडे जैनाबादेस आहुखाना पाहावयास घेऊन गेले. 'आहू' म्हणजे फारसीत हरीण. मोगल शाहजाद्यांनी विलासासाठी व शिकारीसाठी हरणे बाळगण्याचे हे स्थान. आज तेथे पडक्या इमारती आणि कोरडे हौद तेवढे उरले आहेत. १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहलचा बुऱ्हाणपुरास अंत झाला तेव्हा तिचा देह याच परिसरात काही महिने ठेवला होता आणि मग आग्र्यास नेला. प्रवासी तेथे जातात ते ताजमहालाच्या आठवणीने. आमच्या मनात मात्र हरणेच घोळत राहिली. डोळ्यांना सुख देण्यासाठी राखलेली हरणे, आणि हात शिवशिवले की मारण्यासाठी राखलेलीही तीच. राजांच्या या प्रेमाला कोणी प्रेम म्हणणार नाही. पण मग आपले प्रेम त्याहून कोणत्या बाबतीत निराळे, हे सांगावयास बसलो तर आपणास वाटते तितके सोपे जात नाही.

हरणाची गोष्ट निघाली की भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजा आठवल्यावाचून कसा राहील? राज्य सोडून तो पुलहाश्रमात तप करीत असता सिंहाच्या गर्जनेने घाबरलेल्या गाभण हरिणीने नदीवर उडी घेतली, पाडस प्रवाहात पडले, आई मेली. राजाने पाडस उचलले, वाढवले, आणि हळूहळू त्याचा जप, त्याची पूजा, त्याचे सारे भान त्या पाडसाने व्यापले. मरतेवेळीही तेच डोळ्यांपुढे. म्हणून पुढचा जन्म हरणाचा. कीर्तनात या कथेचे तात्पर्य आसक्ती वाईट असे सांगतात, आम्हीही अनेक वर्षे तेच सांगत आलो. परंतु आहुखान्याच्या त्या ओट्यावर बसले असता एक शंका आली. राजाचे नेमके कोठे चुकले? बुडते पाडस उचलले, येथे तर नव्हे. तेथे तो न उचलता तर त्याच्या तपाला आम्ही नमस्कारही केला नसता. चुकले ते पुढे. पाडसाचे हरीण झाले, त्याला वन दिसू लागले, ते मधूनच दृष्टीआड होऊ लागले, तेव्हा राजा कासावीस होऊन त्याची वाट पाहत राही. ते आपल्या जातभाईंत गेले असेल याचा आनंद त्याला झाला नाही. त्याला हवे होते पाडस. हरीण नको होते.

येथे आम्ही टाकीतल्या त्या प्राण्याकडे परत येतो. माणसाला त्याची एवढी भुरळ का पडावी? रंग सुंदर, तुरे नाजूक, हे तर आहेच. परंतु १९४३ साली कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली: मोठे डोके, गोबरा चेहरा, आखूड अवयव, अडखळती चाल, अशी तान्ह्या बाळाची लक्षणे जेथे दिसतील तेथे माणसाचे वात्सल्य आपोआप पाझरते, मग ते बाळ माणसाचे असो, मांजराचे असो की चित्रातले असो. ॲक्सोलॉटलच्या रुंद डोक्यात, बुटक्या हातापायांत आणि त्या न मावळणाऱ्या हसऱ्या तोंडात ही लक्षणे आहेत. मांजराचे पिल्लू सहा महिन्यांत बोका होते आणि कौतुक ओसरते. हे पिल्लू पिल्लूच राहते. ज्या वात्सल्याला पुढे विरहाची जोड नाही असे वात्सल्य हा जीव देऊ करतो. मांडीवरून उतरत नाही, उलट उत्तर करीत नाही, परगावी जात नाही.

हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळीत नाही. आमचा मुलगा चौदा वर्षे परदेशात आहे. आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर त्याचा जो फोटो आहे तो सातव्या वर्षीचा आहे, आणि नवा फोटो लावण्याविषयी घरात कधी बोलणे निघालेले नाही.

या मोहावर आपल्याच परंपरेत एक फार जुनी कथा आहे, भरताच्या कथेहूनही जुनी. शतपथ ब्राह्मणात मनूच्या हात धुण्याच्या पाण्यात एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ. लहान आहे तोवर घड्यात ठेव. मग खड्डा खणून त्यात ठेव. मग समुद्रात सोड. मनू तसे करतो. पुढे प्रलयात तोच मासा त्याची नाव ओढतो, म्हणून ती कथा आपल्या लक्षात राहिली. आमचे लक्ष मात्र त्या आधीच्या घड्याकडे जाते. मनूने मासा घड्याच्या मापाचा ठेवण्याचा प्रयत्न केला नाही. माशाच्या मापाने तो भांडी बदलीत गेला, आणि शेवटी नेऊन सोडण्याचे वचन त्याने पहिल्याच दिवशी दिले होते. पाळणे याचा याहून स्वच्छ अर्थ आम्हाला तरी कोठे आढळलेला नाही.

कोणी म्हणेल, "पण ॲक्सोलॉटल वाढतच नाही, तर त्याला समुद्र कसला दाखवायचा?" आक्षेप रास्त आहे. त्याचे बाल्य टाकीने लादलेले नाही. ते त्याच्या जातीचेच आहे. आपल्या सरोवरातही तो असाच असतो. उलट त्याला जबरीने प्रौढ करण्याचा खटाटोप माणसाने केलेला आहे. १९२० साली इंग्लंडात ज्यूलियन हक्सली याने त्याला गुरांची गलग्रंथी खाऊ घालताच त्याचे कल्ले आटले आणि तो जमिनीवर चालू लागला. वर्तमानपत्रांनी त्या वार्तेचा मोठा गाजावाजा केला. अशा रीतीने घडवलेला प्रौढ बहुधा अल्पायुषी ठरतो. तेव्हा जिवाला मुद्दाम वाढवणे हीदेखील हिंसाच. त्याचे न वाढणे हा दोष नव्हे. ते न वाढणे आपल्याला इतके गोड का वाटते, हे विचारण्यासारखे आहे.

आणि समुद्राचे म्हणाल तर तेथेच या प्रकरणाचे खरे दुःख आहे. ॲक्सोलॉटलचे मूळ घर म्हणजे मेक्सिको शहराच्या खोऱ्यातील सरोवरे. त्यांतील चाल्को आटवले गेले. सोचिमिल्को हे कालव्यांच्या जाळ्याच्या रूपाने उरले. शहर वाढले, सांडपाणी आले, आणि लोकांच्या अन्नाची सोय म्हणून तिलापिया व कार्प हे परदेशी मासे तेथे सोडण्यात आले, त्यांनी याची अंडी-पिल्ले गिळली. १९९८ साली तेथे दर चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल मोजले गेले. २००३ साली १,०००. २००८ साली १००. २०१४ साली ३६. त्याच काळात जगभरच्या प्रयोगशाळांत व दिवाणखान्यांत त्यांची संख्या अफाट वाढली. घरात गर्दी आणि सरोवरात सामसूम. १८६४ साली, फ्रेंच सैन्य मेक्सिकोत असताना, ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेण्यात आले. त्यांत एक पांढरा नर होता. आज काचेत दिसणाऱ्या प्राण्यांपैकी बहुतेकांच्या वंशवेलीची मुळे त्या चौतीसांत आहेत. आमच्या साडूंच्या घरचा जीव पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच जन्मलेला. सोचिमिल्कोचे पाणी त्याच्या पूर्वजांनी दीडशे वर्षांपूर्वी सोडले. त्याला त्या सरोवरात नेऊन सोडणेही योग्य नव्हे, कारण त्याच्या वंशात भेसळ झालेली आहे आणि त्याच्याबरोबर रोग जाण्याचे भय आहे.

समुद्रच आटला तर मनूने काय करावे? पुराणात याचे उत्तर आम्हाला तरी आढळलेले नाही.

त्या प्राण्याच्या देशीच्या लोकांची एक पुराणकथा येथे सांगण्यासारखी आहे. अझ्टेकांचे देव सूर्य चालावा म्हणून आत्मबलिदान करू लागले तेव्हा शोलोत्ल नावाचा देव मरणाला भिऊन पळाला. तो जोडकणसाच्या मक्यात लपला, तेथून घायपाताच्या जोडझाडात, आणि शेवटी पाण्यात या प्राण्याचे रूप घेऊन. तेथे मात्र तो सापडला आणि मारला गेला. 'ॲक्सोलॉटल' या नावात पाणी आणि तो देव असे दोन्ही शब्द आहेत. त्या लोकांनी या प्राण्याला देवाचे रूप मानले आणि त्याला शिजवून खाल्लेही. पण सरोवर राखले. त्यांच्यामागून आलेल्यांनी याला खाणे जवळपास सोडले आणि सरोवर बुजवले. यांतील अहिंसक कोण, याचा निवाडा आम्ही करीत नाही.

आपल्याकडे जिवांशी वागण्याची एक वेगळी रीत होती, तिचे स्मरण येथे होते. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे: काकबळी, गोग्रास, मुंग्यांना साखर. द्यायचे आणि बाजूला व्हायचे. कावळा आपला म्हणून बांधून ठेवायचा नाही. महाड तालुक्यातील वाळण कोंडीत देवीचे मासे आहेत. ते नदीतच असतात, कोणी त्यांना धरीत नाही, कोणी त्यांचा मालक नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि मासे वर येतात. शृंगेरीस तुंगेच्या घाटावरही तेच. लहानपणी बांदोड्यास नागेशीच्या तळीच्या काठी बसून आम्ही तासन्‌तास मासे पाहिले आहेत आणि एकदाही 'हा मला घरी हवा' असे मनात आले नाही. तो देवाचा होता, म्हणून आपलाही होता. तथापि परंपरेचा गौरव करताना तिची दुसरी बाजू झाकू नये. रामनाम पढवलेले राघू आपल्याच आजोळच्या ओसरीवर पिंजऱ्यात होते, आणि देवळाच्या हत्तीच्या पायातली साखळी आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

मेक्सिकोतच मिचोआकान प्रांतात पात्स्क्वारो सरोवराकाठी डोमिनिकन जोगिणींचा एक मठ आहे. त्या सरोवरात ॲक्सोलॉटलचा सख्खा भाऊ शोभेल असा 'अचोके' नावाचा प्राणी आहे. त्यापासून खोकल्यावरचे औषध करून विकणे हा त्या मठाचा जुना उद्योग. सरोवरातील अचोके संपत चालले तेव्हा त्या बायकांनी मठातच टाक्या मांडून त्यांची पैदास सुरू केली, आणि आता मूळ सरोवरात जितके असतील नसतील त्यांचा आधार म्हणून शास्त्रज्ञ त्या मठाकडे पाहतात. हेतू सर्वस्वी निर्मळ नव्हता, औषधासाठी प्राणी मारले जात होते, हे खरेच. तरीही त्या टाक्यांचे तोंड सरोवराकडे आहे. सोचिमिल्कोतही काही शेतकरी आपल्या तरत्या मळ्यांच्या बाजूचे कालवे गाळण्या लावून परदेशी माशांपासून बंद करतात आणि तेथे ॲक्सोलॉटलला आसरा देतात. बुऱ्हाणपूरच्या त्या खोलीतील टाकीचे तोंड मात्र फक्त आपल्याकडे आहे. हा भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आणि तिचा खर्च? वीज तर आहेच. त्याहून अवघड गोष्ट गांडुळांची. साडूंचे घर कडक शाकाहारी. अंडेसुद्धा येत नाही. या पाहुण्याला मात्र गांडुळे लागतात. शेताची माती भुसभुशीत करणारा तो निरुपद्रवी जीव, त्याला एका शोभेच्या जिवासाठी रोज मारायचे, हे कोणत्या न्यायाने? सरोवरात त्याने गांडूळ खाल्ले असते तर तो सृष्टीचा व्यवहार होता. येथे तो आपण आणलेला व्यवहार आहे. मेहुणीबाईंनी या बाबतीत नियम केला आहे: गांडुळांची कुंडी मागीलदारी राहील, स्वयंपाकघरावरून जाणार नाही, आणि एकादशीस त्या प्राण्यालाही उपास! मुलगा म्हणतो की मोठ्या ॲक्सोलॉटलला रोज खाणे लागतच नाही, तेव्हा शास्त्र आणि धर्म यांचा येथे अनपेक्षित मेळ बसला.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. हा प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली व २०२४ साली नियम निघाले; त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करावयाची, त्याला पिल्ले झाली, तो मेला किंवा दुसऱ्यास दिला तर तेही कळवायचे. मुलाच्या वडिलांनी ती नोंद केली आहे. आमच्या ओळखीच्या दोघा-तिघांनी केलेली नाही आणि तशी काही गरज असते हेही त्यांना ठाऊक नव्हते.

निघण्याच्या आदल्या रात्री वीज गेली. दोन-अडीच तास आली नाही. आम्ही गच्चीवर पंख्याच्या वाऱ्यासाठी तळमळत होतो. खाली जाऊन पाहतो तो मुलगा मेणबत्तीच्या उजेडात टाकीपाशी बसलेला. बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून तो टाकीत सोडीत होता, एकदम थंडावा होऊ नये म्हणून थांबून थांबून, आणि दर पाच मिनिटांनी उष्णतामापक पाहत होता. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. टाकीतला जीव जसाच्या तसा हसत होता. त्याला कळत होते असे आम्ही म्हणणार नाही. मेहुणीबाईंचे वाक्य तेव्हा आम्हाला उमगले. तो हसतो म्हणून मुलगा तेथे बसला नव्हता. तो हसत नाही हे ठाऊक असूनही बसला होता.

सकाळी आम्ही त्याला जवळ बोलावून सांगितले की परवाचे आमचे उत्तर चुकीचे होते. आणण्यापूर्वी त्याने विचारले असते तर आम्ही नको म्हटले असते, आणि दुसरा आणू नकोस असे आताही सांगतो. परंतु आणल्यावर प्रश्न बदलतो. हा जीव कोठेही परत जाऊ शकत नाही. तेव्हा त्याला सोडण्यात पुण्य नाही, तो मरेपर्यंत त्याचे पाणी गार ठेवण्यातच काय ते आहे. मुलगा म्हणाला, "मरेपर्यंत म्हणजे दहा वर्षे, आजोबा. पण मी तर जूनमध्ये पुण्याला जाणार."

त्याला निवासी शाळेत घालण्याचे ठरले होते. घरात या गोष्टीवरून किती अबोला आहे हे आम्हाला आठ दिवसांत दिसले होते. मेहुणीबाईंचा विरोध होता. नातू डोळ्यांआड होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे, आणि मुलाच्या आईवडिलांना त्यांनी दोनदा हेच ऐकवले होते की, टाकीतल्या प्राण्याला वाऱ्यावर सोडणे पाप, मग पोटच्या पोराला सोडणे काय? आम्ही त्या वादात पडलो नाही. मनूच्या घड्याची गोष्ट तेवढी जेवणानंतर सर्वांना सांगितली. मुलाने ती लक्ष देऊन ऐकली, मेहुणीबाई मध्येच उठून आत गेल्या.

जूनमध्ये मुलगा गेला. टाकी साडूंकडे आली. ज्या गृहस्थाने आयुष्यात कधी गांडुळाला हात लावला नव्हता, ते आता चिमट्याने ते धरून देतात. आठवड्यातून दोनदा थोडे पाणी बदलतात, आणि पाऱ्याचा आकडा एका जुन्या हिशेबाच्या वहीत सुताच्या भावांप्रमाणे मांडून ठेवतात. मुलगा दर रविवारी फोन करतो. प्रथम वहीतले आकडे विचारतो, मग आजीची चौकशी करतो, याचे मेहुणीबाईंना वाईट वाटते. परवा साडूंशी बोलणे झाले. पाणी सतराला आहे म्हणाले. दिवाळीस मुलगा येणार. त्याचा सदरा शिंप्याकडे टाकायचा आहे, आणि माप कोणते द्यावे यावरून घरात सध्या वाद चालू आहे.